मॉडेल जेट टर्बाईनवर पाणी मारायचे प्रयोग (मार्च ते जून)

२३ मार्च

आधी सामान काय आहे ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी आकडे ताडून बघणार असेल तर गोंधळ नको. इंजिन केजे-६६ (मॉडेल विमानासाठीच्या छोट्या जेट इंजिनाचं एक डिझाईन) च्या ड्रॉइंगवरून बनवलेलं. कॉम्प्रेसर व्हील ६६ मिमीचं, टर्बोचार्जरमधलं. टर्बाईन व्हील इन्कोनेल ७१३ ह्या उष्णता झेलणाऱ्या मिश्रधातूचं कास्टिंग, ते बाहेरून मागवलं, बाकी डिफ्यूजर, शाफ्ट, केसिंग, फ्लेम ट्यूब (जिच्यात जाळ होतो ती) सगळं वाळूजला आपल्याच शॉपवर, जॉबचं काम उरकल्यावर रात्री बसून केलेलं. बेअरिंग ६०८ साइजच्या, हायब्रिड, सिरॅमिक बॉलच्या. इंधन डिझेल, त्यात पाच टक्के टर्बाईन ऑइल, कारण ह्या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते, इंधनाच्याच लाईनीतून एक बारीक फाटा काढून बेअरिंगवर सोडलेला असतो. ईसीयू, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणारा कंट्रोलर, विकतचा. वरची मर्यादा १,१२,००० आरपीएमला बांधलीय आणि हे सगळे प्रयोग संपेपर्यंत ती हलवायची नाही असं ठरलंय. त्या वेगाला कॉम्प्रेसरच्या पात्याचं टोक सेकंदाला ३८५ मीटरच्या पुढे पळतं, त्याच्या वर जायची माझी हिंमत नाही.

टेस्ट पैठण रोडला दादाच्या शेतावर. वाळूजला हा आवाज केला तर शेजारचे शेडवाले दुसऱ्या दिवशी कुलूप घालतील.

आज फक्त कोरडे, म्हणजे पाण्याशिवायचे रीडिंग. सकाळी साडेसहाला हवा २२ डिग्री, थ्रस्ट (इंजिनचा ढकलायचा जोर) ६.७ किलो. दुपारी अडीचला ३९ डिग्री, तेच इंजिन, तेच आरपीएम, थ्रस्ट ६.१ किलो. म्हणजे नुसत्या उन्हाने सहाशे ग्रॅम खाल्ले. ह्या डिझाईनला ७५ न्यूटन, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास धरतात, पण ते समुद्रसपाटीला अन् १५ डिग्रीला. आपण पाचशे-सव्वापाचशे मीटर उंचीवर, त्यात मराठवाड्याचा उन्हाळा, त्यामुळे हवा आधीच पातळ. हे रीडिंग आधी घेतलं ते फार बरं झालं, पुढचं सगळं ह्या सहाशे ग्रॅमच्या भोवतीच फिरलं.

पाणी मारून आत जाणारी हवा थंड करायची आणि उन्हाने खाल्लेला थ्रस्ट परत मिळवायचा, ही आयडिया भाच्याची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने हॅरियर विमानाचं वाचलेलं, त्यात २२७ लिटर पाणी असायचं आणि ते दीडेक मिनिटात संपायचं, तेवढ्यात विमान जास्त वजन घेऊन उभं उतरायचं किंवा उठायचं. मला म्हणे मामा, आपल्याला तर अर्धा लिटर पण लागणार नाही.

३० मार्च

स्टँड नीट केला. लिनिअर गाईडवर सरकणारी प्लेट, पुढे जोर मोजायला २० किलोचा लोड सेल, त्याचा आकडा वाचायला एचएक्स७११ आणि आर्डुइनोचं सर्किट. कॅलिब्रेशन किराणा दुकानातलं पाच किलोचं माप दोरीने पुलीवरून टांगून. खर्च साडेतीन हजार, गाईड आधीच पडलेली होती. व्हीलच्या रेषेत दोन्ही बाजूला वाळूची पोती रचली. चालू इंजिनच्या बाजूला, म्हणजे बरोबर व्हीलच्या समोर कोणी उभं राहायचं नाही हा नियम. बघायचंच असेल तर पुढून तिरकं, लांबून. सीओटू सिलिंडर हाताशी. पावडरवालं नको, आग विझते पण इंजिन साफ करता करता महिना जातो.

पाण्यासाठी बॅटरीवरचा फवारणी पंप, १२ व्होल्टवाला, नवीन घेतला, २४०० ला. दादाकडे दोन जुने पडलेत पण त्यात औषध मारलेलं. टाकी कितीही धुतली तरी नळीत राहतंच, अन् ते गरम एक्झॉस्टमधून बाहेर येऊन आपल्याच नाकात जाणार. स्वस्तात करायचं म्हणून जुना पंप घेऊ नका.

डिझेलचा कॅन आणि पाण्याचा कॅन दोन्ही पांढरे पाच लिटरचे होते, ते आजच बदलले. डिझेलला लाल कॅन, पाण्याला निळा, झाकणाचे आटे पण वेगळे. भाचा हसला. मग त्याला १९७१ चं सांगितलं. हॅम्बुर्गहून निघालेलं बीएसी वन-इलेव्हन, त्याच्या इंजिनांना टेकऑफला थंड करायला पाणी मारायची सोय होती आणि त्या पाण्याच्या टाकीत चुकून केरोसीन भरलं गेलं. उठल्या उठल्या दोन्ही इंजिनं गेली, पायलटने हायवेवर उतरवलं, २२ माणसं गेली. नंतर हसला नाही, स्वतःच कॅनवर ऑइल पेंटने नावं टाकली.

६ एप्रिल

पहिलं पाणी. ठिबकच्या दुकानातून शेडनेटमध्ये लावतात तो चार तोंडांचा फॉगर आणला, ४० रुपये. पूर्ण फॉगर तासाला २८ लिटर टाकतो, तीन तोंडं बंद करून एकच ठेवलं म्हणजे तासाला सात, मिनिटाला सव्वाशे मिली धरा. इंजिन सेकंदाला पाव किलोच्या आतबाहेर हवा ओढतं, तर हे पाणी त्याच्या एक टक्क्याच्या थोडं आत येतं. एक टक्का पाणी पूर्ण उडालं तर हवा चोवीसेक डिग्रीने थंड होते, कागदावर. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की निम्म्याहून जास्त उडायला काहीच हरकत नसावी, असं वाटलेलं.

फॉगर बेलमाउथच्या (इंजिनाचं हवा ओढणारं कर्ण्यासारखं तोंड) समोर वीतभर अंतरावर, वेगळ्या स्टँडवर, लॉकिंग वायरने बांधलेला. इंजिनसमोर जे काही लावाल ते सुटलं तर थेट आत जाणार, त्यामुळे नुसत्या क्लॅम्पवर विश्वास नको.

दुपारी ४० डिग्री. कोरडा ६.१. पंप चालू केला, आकडा गेला ६.५५ वर. दोघांनी आरडाओरडा केला, वहिनी घरातून पळत आल्या, त्यांना वाटलं कोणाला लागलं. काय चाललंय ते बघितलं आणि म्हणाल्या, "अहो भाऊजी, इथं टँकर दोन दिवसाआड येतो अन् तुम्ही इमानाला पाणी पाजायलात व्हय?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पाणी आम्ही शहरातून घेऊन जातो.

संध्याकाळी आवरताना इंजिन बंद असताना भाच्याने पंप चेक करायला नुसता चालू केला आणि डिस्प्लेवर २५० ग्रॅम आले. इंजिन बंद. २५० ग्रॅम. पंपाची नळी मी सोयीसाठी सरकत्या प्लेटला टायने बांधली होती, प्रेशर आलं की नळी ताठ होऊन प्लेटला पुढे ढकलत होती. म्हणजे साडेचारशेतले अडीचशे नळीचे.

१३ एप्रिल

नळी प्लेटपासून पूर्ण तोडली. आता पाण्याचं काहीच इंजिनला किंवा प्लेटला शिवत नाही. डिझेलची नळी पण तशीच तपासली, ती मऊ सिलिकॉनची असल्याने १५-२० ग्रॅमच दाखवते, ते वजा करतो. तुम्ही करणार असाल तर हे आधी करा: इंजिन बंद ठेवून एकेक पंप चालू करायचा अन् आकडा बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरं रीडिंग: ४० डिग्रीला कोरडा ६.१, सव्वाशे मिलीला ६.२५ ते ६.३. दीड-दोनशे ग्रॅम. फॉगरची दोन तोंडं उघडली, अडीचशे मिली, तरी ६.३५ च्या वर नाही, आणि आरपीएम वरखाली डोलायला लागलं. इंजिनखाली पाणी साचलं. म्हणजे पाणी उडतच नाहीये, निम्मं बेलमाउथला चिकटून खाली येतंय, उरलेलं थेंबाच्या थेंब आत जातंय. वीतभर अंतरात हवा काही मिलिसेकंदात पोचते, तेवढ्यात एवढा जाड थेंब काय उडणार.

उद्या जयंती, शॉप बंद, गावात डीजे. त्या आवाजात टेस्ट केली असती तर कोणाला कळलंही नसतं असं भाचा म्हणतो.

२० एप्रिल

पाणी कुठलं वापरायचं ह्यावर एक दिवस गेला. दादाच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० च्या वर, आमच्या घरच्या आरओचा ६०, बॅटरीत टाकायच्या पाण्याचा २. मीटर सगळीकडे मिळतो तो दोनशेवाला. तव्याची टेस्ट सगळ्यात सोपी. गॅसवर तवा चांगला तापवून प्रत्येक पाण्याचे चार थेंब टाकायचे. बोअरच्या पाण्याचा थेंब नाचत नाचत आटला आणि मागे पांढरी टिकली ठेवून गेला, नखाने खरवडली तरी निघेना. आरओच्या थेंबाची नुसती कड दिसली, रांगोळीची रेघ पुसल्यावर राहते तशी. बॅटरीच्या पाण्याचं काहीच नाही. आता ही टिकली डिफ्यूजरच्या फटीत आणि कॉम्प्रेसरच्या पात्यावर बसली तर काय होईल ते सांगायला नको, बॅलन्स पण जाईल.

बॅटरीचं पाणी पाच लिटरचा कॅन ११० ला पडला. नंतर शॉपच्या ऑफिसमधल्या एसीचं पाणी धरायला लागलो, टीडीएस १५-२०, फुकट, फक्त धूळ असते म्हणून दुहेरी फिल्टर पेपरमधून गाळून घ्यायचं. दिवसाला सहासात लिटर निघतं. पुढचं सगळं त्यावरच चाललं.

भाचा विचारत होता मिथेनॉल टाकू का, मोठ्या विमानांत टाकायचे. इंडियन एअरलाइन्सकडे एचएस-७४८ होती, कानपूरला बनलेली, तिच्या डार्ट इंजिनांना गरमीत टेकऑफला पाणी-मिथेनॉलच द्यायचे. पण तिथे मिथेनॉल पाणी गोठू नये म्हणून आणि पाण्याने कमी झालेलं टेंपरेचर परत भरायला. आपल्याकडे एप्रिलात गोठायचं भय नाही अन् टेंपरेचर भरायला ईसीयू आहेच, ते स्वतःच डिझेल वाढवतं. वर मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही आणि ते विष आहे. नको म्हणालो. विषय बंद.

२७ एप्रिल

पुढचं कव्हर काढून कॉम्प्रेसर बघितला. पात्यांच्या पुढच्या कडा, ज्या मी हाताने पॉलिश केलेल्या, त्या आता मंद झाल्यात. बोट फिरवलं तर समजत नाही, नख फिरवलं की खरखर लागते. भिंगातून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, फक्त कडेच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात, जिथे वेग जास्त. आतल्या बाजूला जुनं पॉलिश तसंच चमकतंय. ॲल्युमिनियमचं व्हील आणि समोरून जाड थेंब, दुसरं काय होणार.

त्यात बेलमाउथवर लावलेली एसएसची जाळी गुन्हेगार निघाली. जाळी खडे-काडी आत जाऊ नये म्हणून असते, काढायची माझी तयारी नाही. पण फॉगरचं बारीक पाणी जाळीच्या तारेवर गोळा होतं, थेंब मोठा होतो आणि मग सुटून आत जातो. म्हणजे मी बारीक फवारा मारायचा आणि जाळीने त्याचे परत टपोरे थेंब करून द्यायचे. जाळी ठेवायची असेल तर पाणी जाळीच्या आधीच उडालं पाहिजे, हाच निष्कर्ष. नुसता नोझल बारीक करून भागणार नाही.

व्हील अजून वापरण्याजोगं आहे. फोटो काढून ठेवले.

४ मे

लांब पाईप. दादाच्या बोअरचा उरलेला सात इंची केसिंग पाईप, दीड मीटर, इंजिनसमोर वेगळ्या घोडीवर ठेवला, बेलमाउथ आणि पाईपमध्ये दोन बोटांची फट. पाईपात हवेचा वेग सेकंदाला सात-आठ मीटर पडतो, म्हणजे थेंबाला नुसते काही मिलिसेकंद नाही तर जवळपास दोनशे मिलिसेकंद मिळतात. नोझल पितळेचे ०.२ मिमीचे दोन, ७० बारला प्रत्येकी ८० मिली मिनिटाला. प्रेशरला गाडी धुवायचा प्रेशर वॉशर.

तो वॉशर पहिल्यांदा चालेचना. त्याला मिनिटाला पाच-सहा लिटर द्यायची सवय, आपण मागतोय दीडशे मिली, त्यामुळे प्रेशर भरलं की ऑटो-स्टॉप, पडलं की चालू, परत स्टॉप. नोझल भक-भक करायचे आणि थ्रस्टचा आकडा त्याच तालावर नाचायचा. मग टी लावून नीडल व्हॉल्व्हने जादा पाणी परत बादलीत सोडलं. बादलीतलं पाणी फिरून फिरून कोमट होतं पण त्याने काही बिघडत नाही, थंडावा पाण्याच्या वाफ होण्यात आहे, पाणी गार असण्यात नाही. शेतावरची लाईन मध्येच गेली त्यात दुपार गेली. जनरेटर आणला, भाडं ८००.

पाईप लावला की कोरडाच थ्रस्ट कमी दिसतो. ४१ डिग्रीला पाईपाशिवाय ६.०५, पाईपसह ५.९. हवा पाईपातून आधीच वेग घेऊन येते, त्याचा तो हिशोब आहे. म्हणून तुलना पाईप-कोरडा आणि पाईप-ओला अशीच करायची.

ओला: ६.३५. साडेचारशे ग्रॅम, आणि ह्या वेळी नळी-बिळी काही नाही, तीनदा चालू-बंद करून बघितलं, दर वेळी तेच. बेलमाउथजवळ हवा २७ डिग्री. पाईपच्या तळाला भोक पाडून नळी लावलेली, तिथे निम्म्याच्या आसपास पाणी आलं, बाकी उडालं. डिझेल मिनिटाला २१० मिलीवरून २२५ वर गेलं. ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं टेंपरेचर, ६४० चं ६१५. जाळी कोरडी! हात लावून बघितली.

म्हणजे पाणी काम करतं. पण आकडा नीट बघा. उन्हाने जे सहाशे घेतले होते त्यातले साडेचारशे परत मिळाले. सकाळच्या ६.७ च्या वर आम्ही अजून एकदाही गेलो नाही.

११ मे

भाच्याला तेच खुपत होतं. त्याचं म्हणणं हॅरियरवाले हवेत नाही, पुढे कम्बशनच्या बाजूला पाणी मारायचे, आपण पण तिथे मारू. मी म्हणालो त्यांची अडचण वेगळी. त्यांचं इंजिन टर्बाईनच्या टेंपरेचरला अडलेलं असायचं, पाण्याने टेंपरेचर खाली आलं की आरपीएम वाढवता यायचा, थ्रस्ट तिथून यायचा. आपलं इंजिन अडलंय आरपीएमला. टेंपरेचर कमी करून मिळालेली जागा वापरायची कुठे? पटलं त्याला, पण करून बघायचं होतंच, अन् खरं सांगायचं तर मलाही.

केसिंगला बाहेरून दीड मिमीच्या चार एसएस नळ्या सिल्व्हर ब्रेझ केल्या, तोंडं फ्लेम ट्यूब आणि केसिंगच्या मधल्या जागेत. आत हवेचाच दाब एक बारच्या वर असतो, पंप त्याच्यापेक्षा जास्त देणारा हवा, फवारणी पंप पुरतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका, नाहीतर गरम हवा उलटी टाकीत येते.

मिनिटाला ६० मिली: ईजीटी ६३५ चं ५८० झालं, ईसीयूने डिझेल वाढवलं, थ्रस्ट होता तिथेच. दहा-वीस ग्रॅमचा फरक, तो वाऱ्याने पण पडतो. ८० मिली: तेच, आवाज जरा घोगरा. १०० च्या आसपास गेलो आणि इंजिन विझलं. मागून पांढरा धूर, डिझेलचा वास, ईसीयूने पंप बंद केला. ह्या इंजिनाची फ्लेम ट्यूब लोट्याएवढीच, जाळाला थांबायला जागाच नसते, त्यात पाणी गेलं की जाळ टिकत नाही.

इंजिनात आता पाणी आणि न जळलेलं डिझेल दोन्ही. लगेच स्टार्ट मारू नका. आम्ही इंजिन काढून नाक वर करून उभं केलं, मागून वाटीभर पांढरट पाणी निघालं. मग स्टार्टरने नुसतं फिरवून वाळवलं. एवढं करूनही पुढच्या स्टार्टला हातभर ज्वाळा निघाली.

खोललं तेव्हा फ्लेम ट्यूबवर चार ठिकाणी, नळीच्या बरोबर समोर, रंग वेगळा. बाकी निळसर तपकिरी आणि तिथे राखाडी, एका जागी पत्रा किंचित आत बसलेला. नळ्या कापून भोकं बुजवली. हा रस्ता संपला.

१८ मे

स्टार्टरने फिरवताना पुढच्या बेअरिंगचा कर्रर्र आवाज. काढली तर रेसवर तांबूस गंजाचे डाग. बॉल सिरॅमिकचे आहेत म्हणून गंजत नाहीत पण रिंगा साध्या बेअरिंग स्टीलच्याच. कॉम्प्रेसरच्या मागून थोडी हवा पुढच्या बेअरिंगमधून शाफ्टच्या नळीत जाते, ती आता ओली हवा होती. ११ तारखेनंतर इंजिन आठवडाभर तसंच ठेवलं, आत दमट.

जोडी ९,२०० ला, कुरिअरला दोन आठवडे लागतील म्हणाले. परत बॅलन्सिंग. ह्या सगळ्या खेळातला सगळ्यात मोठा खर्च हाच. आता नियम असा: पाणी बंद केल्यावर निदान दोन-तीन मिनिटं कोरडं चालवायचं, आणि बंद केल्यावर त्याच दिवशी पुढच्या बेअरिंगवर चार थेंब टर्बाईन ऑइल टाकून हाताने फिरवायचं.

८ जून

बेअरिंग उशिराच आल्या, बसवल्या, बॅलन्स केलं. मधल्या काळात घरी कूलरसमोर बसून बसून जे सुचायचं ते सुचलं. आपण ७० बार, नोझल, पाईप, फिल्टर, एवढी उस्तवार करतोय कशासाठी, तर कोरड्या हवेत पाणी उडवायला. ते तर कूलर करतोच! मोठ्या गॅस टर्बाईनच्या पॉवर प्लांटमध्ये पण हवेच्या तोंडावर ओले पॅड बसवतात, हे मला माहीत होतं तरी आधी डोक्यात आलं नाही.

शेतावरचा जुना लोखंडी कूलर घेतला. फॅन आणि मोटर काढून टाकली, कारण फॅनने हवा ढकलली की थ्रस्टचा हिशोब परत बिघडणार. फॅनच्या गोल भोकात बेलमाउथ, स्पर्श न होता, इंजिन स्वतःच तिन्ही पॅडमधून हवा ओढतं. पॅडचं क्षेत्रफळ एवढं मोठं की हवा अगदी हळू जाते, थेंब सुटतच नाही. आधी त्यात लाकडाच्या भुशाचे, गवतासारखे पॅड होते, ते काढले, त्याच्या काड्या सुटतात आणि इंजिन काडी न् काडी ओढून घेतं. पुठ्ठ्याचे हनीकोंब पॅड टाकले, तीनचे ११५० झाले. जाळी आहे तशीच.

हवा ४१ डिग्री, पाऊस अजून लांबलेला. कूलर-कोरडा ६.०५. पंप चालू करून पॅड भिजायला पाच मिनिटं दिली, आत २६ डिग्री. थ्रस्ट ६.५५.

पाचशे ग्रॅम, फवारणी पंप नाही, वॉशर नाही, जनरेटर नाही, टुल्लू पंप तेवढा इन्व्हर्टरवर चालला. इंजिनाच्या आत पाण्याचा थेंब नाही. आणि पाणी बोअरचं! अकराशे टीडीएसचं. क्षार पॅडवर बसतात, वाफ तेवढी पुढे जाते, वर्षभर वापरलेल्या कुठल्याही कूलरच्या पॅडवर ती पांढरी पपडी दिसतेच. पाणी गेलं मिनिटाला नव्वद मिलीच्या आसपास.

भाचा थोडा नाराज. मामा, हे विमानात कसं बसवणार. नाहीच बसणार. पण नोझलवालं तरी कुठे परवडतंय? टाकी, पंप, बॅटरी, पाणी मिळून चारशे ग्रॅमच्या पुढे वजन, मिळणार साडेचारशे ग्रॅम थ्रस्ट, आणि दीड मीटरचा केसिंग पाईप विमानाच्या नाकाला लावणार आहे का कोणी. पाईप नसेल तर १३ एप्रिलचे दीड-दोनशेच ग्रॅम, वर व्हीलची कड खराब. आमचं मॉडेल नऊ किलोचं आहे. सकाळी सातच्या आत उडवलं तर सहाशे ग्रॅम कुठलंही सामान न लावता मिळतात. आम्ही तेच करणार.

टेस्ट बेंचला मात्र कूलर कायमचा. दुपारी ट्यूनिंग करताना ईजीटीला जागा राहते, आणि सकाळ-दुपारच्या रीडिंगची तुलना करता येते.

१५ जून

पहिला चांगला पाऊस परवा झाला. आज हवा ३२ डिग्री पण दमट, अंगाला चिकटणारी. कूलर-कोरडा ६.३५, ओला ६.५. आत २७ च्या खाली जाईना. दीडशे ग्रॅमसाठी पॅड भिजवत बसण्यात अर्थ नाही, पावसाळाभर बंद. कोकणातले किंवा मुंबईकडचे कोणी हे करून बघणार असाल तर वर्षातले बरेच महिने एवढंच मिळेल असं धरून चाला.

इंजिन खोललं. व्हीलच्या कडा २७ एप्रिलनंतर आणखी खराब झालेल्या नाहीत, जुन्या फोटोंशी ताडून बघितलं. फ्लेम ट्यूबचा बसलेला पत्रा ठोकून सरळ केला, पण ती बदलणार. नवीन बेअरिंग स्वच्छ. एकूण खर्च बावीस हजारांच्या घरात गेला, त्यात बेअरिंग, बॅलन्सिंग, वॉशर आणि नोझलचेच जास्त, कूलरचं काम पॅड धरून दीड हजारात झालं. वॉशर आता शॉपवर मशीन धुवायला लावलाय, नीडल व्हॉल्व्हचा टी काढून ठेवलाय. पितळी नोझल दोन आणि फिटिंग पडून आहेत. पॅड काढून वाळवून उंदरांपासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवले, मार्चमध्ये परत लागतील.